दहा मिलिव्होल्टचा सूर्य

पायरॅनोमीटर बसवायला जागा दाखवा म्हटलं, की यजमान आधी सावली दाखवतात. यात त्यांचा दोष नाही. पुण्याहून लाखाच्या घरातली वस्तू आलेली असते, फोमच्या पेटीतून, हलक्या हाताने उतरवलेली. डोक्यावर काचेचे एकात एक दोन घुमट, भोवती पांढरीशुभ्र झालर. अशी वस्तू मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात उघड्यावर ठेवा, हे कुठल्याही सभ्य माणसाच्या पचनी पडत नाही. "हितं लावा की सायेब, शेडखाली. पाऊसबी लागायचा नाही." मी सांगतो, याला ऊन मोजायचंय. "मग मोजू द्या की. हितनं दिसतंय की समदं ऊन."

मुद्दा तसा बिनतोड आहे. ऊन तिथून छान दिसतं. आपल्याकडे ऊन ही लांबूनच बघायची गोष्ट आहे. लग्नाच्या मांडवापासून एसटी स्टँडच्या शेडपर्यंत आपली निम्मी बांधकामकला ते अंगावर येऊ नये म्हणून खर्ची पडली आहे. बाभळीसारख्या काटेरी झाडाशीही आपण जमवून घेतो, ते बुंध्याशी वीतभर सावली मिळते म्हणून. आणि आता एक यंत्र येतं आणि म्हणतं, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत जिथे कशाचीही सावली पडत नाही, ती जागा मला द्या. गावात अशी जागा म्हणजे जिथे कोणी थांबत नाही ती. आणि जिथे कोणी थांबत नाही, त्या जागेबद्दल कोणालाच काही ठाऊक नसतं.

नियम मात्र सोपा आहे. यंत्राच्या काळ्या डोळ्याच्या पातळीवरून चहूकडे बघितलं, तर क्षितिजापासून पाच अंशांच्या वर काही डोकावता कामा नये. अंश मोजायचा कंटाळा असेल तर दुसरा हिशोब आहे: अडथळा यंत्रापेक्षा जितका उंच, त्याच्या दहापट लांब जा. म्हणजे बांधावरचा लिंब यंत्राच्या वर आठ मीटर जात असेल, तर यंत्र त्याच्यापासून ऐंशी मीटर दूर. एवढं सांगितलं की मालक लिंबाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मग गड्याला हाक मारून कुऱ्हाड कुठे आहे ते विचारतात. हरित ऊर्जेच्या प्रकल्पात ऊन मोजण्यासाठी झाड पाडल्याचं पाप नको म्हणून मी घाईघाईने "राहू द्या, आपणच सरकू" म्हणतो. सरकायला लागलं की कळतं, झाड हा त्यातल्या त्यात समजूतदार अडथळा होता. वीज अंगावर घेणारा अरेस्टरचा खांब आहे. सीसीटीव्हीचा खांब आहे. पाण्याची काळी टाकी आहे. शेवटी कंट्रोल रूमची गच्ची तेवढी उरते, आणि तिथे वॉचमनमामांची टीव्हीची डिश लागलेली असते. ती काढायला सांगणाऱ्या माणसाला त्या साइटवर पुन्हा चहा मिळत नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी? मालकांना ऊन किती पडतं याची जिज्ञासा असते म्हणून? मुळीच नाही. ऊन किती पडतं हे त्यांना जन्मापासून माहीत आहे: "लई." हे यंत्र भांडणासाठी घेतात. सौरविजेचा प्रकल्प बांधणारा ठेकेदार करारात लिहून देतो की जितकं ऊन पडेल त्याच्या हिशोबाने इतके टक्के वीज निघेल. याला सगळे पीआर, म्हणजे परफॉर्मन्स रेशो, म्हणतात. वीज कमी निघाली की ठेकेदार म्हणतो, यंदा ऊनच कमी होतं. मालक म्हणतात, ऊन भरपूर होतं, तुमचा माल हलका. विजेला मीटर असतं, सीलबंद, त्यावर वाद नाही. उन्हाला मीटर नसतं. म्हणून हा साक्षीदार. पंधरा कोटी किलोमीटर फुकटात येणाऱ्या मालाची अगदी दारात पावती फाडायची, एवढंच त्याचं काम.

आत फार काही नाही. काचेखाली एक काळी टिकली. ऊन पडलं की ती तापते. तिच्या पोटाशी दोन वेगळ्या धातूंचे जोड एकापुढे एक गुंफलेले असतात; काळी बाजू गरम आणि यंत्राचं अंग त्या मानाने थंड, या तफावतीतून किंचित वीज निघते. शंभरेक वर्षांपूर्वी उत्रेख्तच्या मोल नावाच्या डच शास्त्रज्ञाने ही जोडांची चळत सुटसुटीत केली आणि अजून मूळ युक्ती तीच आहे. बॅटरी नको, सप्लाय नको. ऊन हेच इंधन आणि ऊन हीच बातमी. अडचण एवढीच, की ही बातमी अतिशय हळू आवाजात येते. टळटळीत दुपारी एका चौरस मीटरवर हजारेक वॅट ऊन ओतत असतं, त्यात पापड जागच्या जागी वाळतात, माणसं वेड्यासारखी बोलू लागतात. आणि यंत्राच्या दोन तारांतून बाहेर येतात दहा मिलिव्होल्ट. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा दीडशेवा हिस्सा.

इथे वायरमनचा प्रवेश होतो.

ज्या माणसाने उभी हयात २३० आणि ४१५ व्होल्टच्या संगतीत काढली, ज्याच्या पक्कडीला वितळल्याच्या खुणा आहेत, त्याच्या हातात आपण ही केबल देतो. तो खिशातला टेस्टर काढून तारेला लावतो. टेस्टरचा दिवा लागत नाही. दुसऱ्या तारेला लावतो. लागत नाही. "यात करंटच नाही सायेब." मी म्हणतो, आहे, पण बारीक आहे. मग तो दोन्ही टोकं जिभेला लावतो, डोळे मिटतो, थोडा वेळ थांबतो आणि डॉक्टरी गांभीर्याने मान हलवतो. "किती येतं यात?" "दहा मिलिव्होल्ट." "म्हंजे?" "व्होल्टचा शंभरावा भाग." यावर तो माझ्याकडे जे बघतो त्यात राग नसतो, कीव असते. "आणि एवढ्यासाठी तुम्ही पुण्याहून आला?"

मल्टिमीटर काढून मी त्याला दाखवतो. डीसी मिलिव्होल्टवर ठेवला, ८.५ दिसले. घुमटावर हात धरला, आकडा घसरत शून्याकडे गेला. हात काढला, पुन्हा चढला. त्याला हे आवडतं. तो स्वतः हात धरून बघतो, हेल्परला धरायला लावतो, वॉचमनमामांना वर बोलावतो. सूर्य आपल्या तळहाताने खाली-वर होतो हे कळल्यावर कोणाचाही उत्साह आवरत नाही. घुमटावर तोवर पाच जणांच्या बोटांचे ठसे उमटलेले असतात आणि आकडा आठवर आलेला असतो. मी तो पुसायला घेतो.

मग केबल टाकायची वेळ येते. इन्व्हर्टरच्या जाड केबलींसाठी चर खणलेलीच असते, आणि वायरमनची न्यायबुद्धी सांगते की एका चरीत पाच केबल गेल्या तिथे सहावी जायला काय हरकत आहे. हरकत अशी, की शेजारून शेकडो अँपिअर धावत असताना आपले दहा मिलिव्होल्ट पाठवणं म्हणजे वरातीच्या बँजोपथकात उभं राहून कानात निरोप सांगणं. निरोप पोचतो, पण त्यात नवरदेवापेक्षा ढोलच जास्त असतो. तेव्हा वेगळी चर हवी. वेगळी चर म्हटलं की कळतं, जेसीबी कालच गेला. साइट कुठलीही असो, जेसीबी कालच गेलेला असतो. तो नेमका असतो त्या दिवशी काम काय करतो, हे माझ्या धंद्यातल्या कोणीही पाहिलेलं नाही.

शील्डचा तंटा त्याहून खोल आहे. केबलच्या आत तारांभोवती जाळीचं आवरण असतं, ते बाहेरचा गोंगाट झेलतं. ते एकाच टोकाला अर्थ करायचं. दोन्हीकडे केलं तर दोन ठिकाणच्या जमिनीच्या विद्युत-पातळीत जो थोडा फरक असतो, त्यातून जाळीतच प्रवाह खेळू लागतो आणि तो आपल्या निरोपात मिसळतो. हे मी कागदावर चित्र काढून सांगतो. वायरमन लक्षपूर्वक ऐकतो, "बरोबर आहे" म्हणतो, चित्र घडी करून खिशात ठेवतो, आणि मी चहाला गेलो की दुसरं टोकही अर्थ करून टाकतो. सेफ्टीला. अर्थिंग कधी जास्त होत नसतं, या श्रद्धेवर तो आजवर जिवंत राहिलेला आहे. तिच्याशी माझ्या चित्राने काय टक्कर द्यावी?

आणि जोड. यंत्रासोबत आलेली केबल नेहमी कमी पडते, हा निसर्गनियम. वायरमनकडे त्यावर परंपरेने आलेला उपाय आहे: चार इंच सोलायचं, पिळायचं, वर काळी टेप. पंख्याला चालतं, मोटारीला चालतं, अख्ख्या गावच्या गणपतीचं डेकोरेशन याच पिळावर उभं असतं. मिलिव्होल्टला चालत नाही. गंजू लागलेल्या जोडात दोन वेगळे पदार्थ एकमेकांना भिडतात, आणि उन्हात तापल्यावर तेही यंत्राच्या आतल्या जोडांचंच काम करू लागतात. म्हणजे घुमटाखालचा सूर्य अधिक टेपखालचा सूर्य अशी बेरीज नोंदी ठेवणाऱ्या लॉगरपर्यंत पोचते. डबा, ग्लँड, टर्मिनल वापरा असं मी सांगतो. डबा येतो. ग्लँड वरच्या बाजूने बसवला जातो, कारण वरून हात पोचतो. पहिल्या पावसात पाणीही तिथूनच पोचतं. खालच्या बाजूने केबल घ्यावी, आणि आत शिरण्याआधी तिला थोडा झोल ठेवावा म्हणजे थेंब तिथून गळून जातो, ही गोष्ट पटवायला मला एक अख्खा पावसाळा लागतो. खाली उरलेल्या रिकाम्या भोकात तोवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं. जलरोधक म्हणून ते आमच्या ग्लँडपेक्षा सरस निघतं.

तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे. कोणती अधिक, कोणती उणे, हे पुस्तिकेत असतं, पुस्तिका पेटीत असते आणि पेटी वॉचमनमामांनी घरी नेलेली असते, फोम चांगला आहे म्हणून. तारा उलट लागल्या की लॉगर भर दुपारी सूर्य उणे ८१२ दाखवतो. एका साइटवर नुकताच कॉलेजातून आलेला इंजिनियर होता. गच्चीवर चढून दोन स्क्रू सैल करायच्या ऐवजी त्याने एक्सेलमध्येच उणे चिन्ह पुसणारं सूत्र घातलं. दिवस सुधारले. पण रात्री हे यंत्र मुळातच शून्याच्या थोडं खाली जातं. उलट्या तारांनी ते शून्याच्या वर दाखवलं आणि त्याच्या सूत्राने ते तसंच राहू दिलं. परिणामी त्या तालुक्यात महिनाभर मध्यरात्रीही तीन-चार वॅट ऊन पडत होतं आणि अहवालावर सह्या होत होत्या.

नव्या यंत्रांत आतच आकडा तयार होऊन डिजिटल बाहेर येतो, म्हणजे हे सगळं टळायला हवं. टळत नाही. तिथे ए आणि बी अशा दोन तारा असतात, आणि एका कंपनीचा ए तो दुसऱ्या कंपनीचा बी. शिवाय दोन यंत्रांचा कारखान्यातला पत्ता एकच असतो. लॉगरने हाक मारली की दोघंही एकदम बोलतात. ग्रामसभेला जाणाऱ्यांना यात नवीन काही नाही.

खरा घोटाळा तारेत नसतोच, कागदात असतो. प्रत्येक यंत्राची संवेदनशीलता वेगळी. एका वॅटला किती मायक्रोव्होल्ट, हा आकडा त्याच्या प्रमाणपत्रावर छापलेला असतो. समजा ८.५ आहे. मग ८.५ मिलिव्होल्ट आले की हजार वॅट. हा आकडा लॉगरमध्ये भरला नाही तर सगळं मुसळ केरात. आणि हे प्रमाणपत्र यंत्रासोबत येतं, बिलाला टाचलेलं, आणि बिलासोबत अकाउंट्सला जातं. तिथे ते अत्यंत सुरक्षित असतं. साइटवर मग शेजारच्या तालुक्यातल्या यंत्राचा आकडा फोनवर विचारून भरतात, "मॉडेल तेच आहे की." तो ९.२ असतो. झाला सात-आठ टक्क्यांचा फरक; भांडण दोन टक्क्यांवरून चाललेलं असतं.

यंत्र सपाटीत बसवायला येतो तो गवंडी. त्याच्याबद्दल मला आदर आहे. त्याच्याजवळ ओळंबा असतो, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी असते आणि सरळपणाविषयी पक्की नैतिक भूमिका असते. यंत्रावर बारकी पाणसळ असतेच. तिचा बुडबुडा वर्तुळात आणायचा. हिवाळ्यात दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा यंत्र एका अंशाने कलंडलं तरी थेट उन्हाच्या मापात दीडेक टक्क्याची चूक होते. गवंड्याने बुडबुडा अर्ध्या मिनिटात मधोमध आणला. प्रश्न दुसऱ्या यंत्राचा होता. मोठ्या प्रकल्पात दोन यंत्रं लावतात: एक आडवं, आणि एक पॅनेलच्याच उताराने तिरकं, म्हणजे पॅनेलला जितकं ऊन दिसतं तितकंच त्याला दिसावं. मी तिरकं यंत्र कोन मोजून बसवलं आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी फोन. गवंडी स्वतः बोलत होता, आवाजात मोठेपणा न दाखवण्याचा मोठेपणा होता. "सायेब, गडबडीत तुमचं एक वाकडं ऱ्हायलं होतं. खाली पाचर मारून सरळ केलंय. पैसं नकोत."

पुस्तिका म्हणते, केबलचा कनेक्टर उत्तरेकडे ठेवा, म्हणजे त्यावर ऊन कमी येईल. हे मी मालकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. उत्तर ही कुबेराची दिशा. पुस्तिका आणि वास्तुशास्त्र एकमुखाने बोलल्याचा माझ्या पाहण्यातला हा एकमेव प्रसंग, आणि तो टिकला नाही. पुस्तिका लिहिणारे लोक तिकडे बावन्न अंश उत्तर अक्षांशावर राहतात. दुपारचा सूर्य त्यांना बारा महिने दक्षिणेलाच दिसतो. आमच्याकडे तो असा बांधलेला नाही. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो, शाळेची पोरं मैदानात काठी रोवून नाहीशी झालेली सावली शोधतात, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. कुबेराच्या बाजूने. जुलैअखेर परतताना तो दुसरा शून्य सावली दिवस पाडतो, पण तेव्हा इतके ढग असतात की तो दिवस पंचांगवाल्यांनीच काय तो पाहिलेला.

ऊन मोजण्याचा हा खटाटोप आपल्या देशात शिस्तीने उभा केला तो अन्ना मणी यांनी. मूळच्या केरळच्या पीरमेडच्या, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकं तपासत होत्या. १९४८ साली पुण्यात हवामानखात्याच्या उपकरणशाखेत आल्या. हवामानखात्याच्या शिवाजीनगरच्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून उचलून इथे आणलं होतं. मणीबाई आल्या तेव्हा साधी साधी उपकरणंही विलायतेहून यायची. त्यांनी शंभरेक उपकरणांचे आराखडे पक्के करून ती इथेच बनवायला लावली, आणि १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सौरप्रारण मोजणारी केंद्रं मांडली. १९८० साली त्यांचा सौरप्रारणाच्या आकडेवारीचा जाडजूड ग्रंथ निघाला, पुढे सौरऊर्जेचं गणित मांडणाऱ्यांनी तो उशाशी घेतला. मी तो चाळतो तेव्हा मला कोष्टकांत आकडे दिसत नाहीत, वायरमन दिसतात. एवढी गावं, एवढी वर्षं, आणि प्रत्येक गावी टेस्टर लावून "यात करंटच नाही" म्हणणारा एक जण. त्या सगळ्यांना पुरून उरणं हे हिऱ्याचा वर्णपट काढण्यापेक्षा अवघड काम असणार.

यंत्र चालू झालं की फोन सुरू होतात. पहिला रात्रीचा. "उणे तीन दाखवतंय. म्हणजे आपण सूर्याचं देणं लागतो का?" मी सांगतो की रात्री घुमट वरच्या गार आकाशाकडे बघून थंड पडतो, काळी टिकली आपली ऊब त्याला देते, म्हणून आकडा शून्याखाली जातो, उलट तसं झालं नाही तरच शंका घ्यावी. मालक ऐकून घेतात. "ते समजलं. पण महिन्याच्या बेरजेत वजा धरायचं की माफ?" दुसरा फोन जुलैतला, त्या नव्या इंजिनियरचा: यंत्र बिघडलं, ढगाळ दिवसात तेराशे दाखवतंय. वातावरणाच्या बाहेर, जिथे आडवं काहीच येत नाही, तिथे ऊन सरासरी १३६१ वॅट. मग इथे माळावर तेराशे कसं? येतं. ढगांच्या फटीतून सूर्य थेट पडतो आणि भोवतालच्या पांढऱ्या ढगांच्या कडा आणखी उजेड खाली लोटतात. दोन्ही मिळून थोडा वेळ आकडा कडक उन्हाळ्यापेक्षाही वर जातो. हे मालकांना कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा पावसाळ्याकडे आदराने बघितलं.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी साइटवरच्या सगळ्या हत्यारांची पूजा होते: पक्कड, पान्हे, इन्व्हर्टर, मोटारसायकल. सूर्याशी थेट नातं असलेलं यंत्र तर मानाचं. वॉचमनमामा अंघोळ करून गच्चीवर चढतात, घुमटाच्या ऐन मध्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवतात, भोवती झेंडूची माळ घालतात, उदबत्ती ओवाळतात, आणि गुडघे टेकून नमस्कार करतात तेव्हा त्यांचं डोकं नेमकं पूर्वेला येतं. लॉगर दर मिनिटाला नोंद करत असतो. आलेखात टिळा, माळ, उदबत्ती आणि नमस्कार असे चार वेगवेगळे खड्डे स्पष्ट वाचता येतात. नंतर आकडा पूर्वपदावर येत नाही, कुंकू कोणी पुसत नाही म्हणून. पुसणार कोण? पूजेचं कुंकू आहे. ते दिवाळीआधीच्या अवकाळी पावसावर सोडून दिलं जातं, आणि त्या महिन्यात प्रकल्पाची कामगिरी फार उत्तम दिसते.

उत्तम का दिसते, हे एकदा ठेकेदाराच्या लक्षात आलं, आणि तिथून कथानकाला रंग चढला. हिशोब असा: निघालेली वीज भागिले पडलेलं ऊन. घुमट मळका असला की यंत्राला ऊन कमी दिसतं. भाजक लहान झाला की उत्तर मोठं. म्हणजे घुमटावरची धूळ ठेकेदाराच्या बाजूने साक्ष देते. आणि करारात घुमट आठवड्याला पुसायची जबाबदारी ठेकेदाराची. त्याच्याकडे रजिस्टर होतं, दर सोमवारची सही होती, आणि सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकाच उत्साहाने केलेल्या होत्या. वर घुमटावर साळुंकीने आपलं मत नोंदवून ठेवलं होतं, तेही वाळून कडक झालेलं.

मालकांना गणित उशिरा कळलं, पण कळल्यावर ते मागे राहिले नाहीत. त्यांनी आपल्या वतीने एक पोरगा नेमला. पोरगा दिवसातून तीन वेळा घुमट पुसू लागला, डिस्टिल्ड वॉटरने, मऊ फडक्याने, शिस्तीत. ठेकेदाराने लगेच चार माणसं वाढवून पॅनेल धुवायला लावली, कारण भाज्य वाढवणं तेवढं त्याच्या हातात होतं. असा तो प्रकल्प काही महिने जिल्ह्यातला सर्वांत स्वच्छ प्रकल्प होता. यातून कोणाचंच नुकसान झालेलं नाही, असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात ठेकेदाराचं पत्र आलं: दिवसातून तीनदा आपल्या माणसाच्या डोक्याची सावली यंत्रावर पडते, सबब सदर मोजमाप ग्राह्य धरता येत नाही. मालकांनी उत्तर दिलं की सावलीने ऊन कमी दिसतं, म्हणजे फायदा तुमचाच होतो. ठेकेदाराने लिहिलं, फायद्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. तत्त्व निघालं की माझ्याकडे फोन येतो.

शेवटी ठेकेदाराने स्वतःचं यंत्र आणून शेजारी बसवलं. दोन्ही यंत्रं उत्तम, दोन्ही वरच्या वर्गातली, दोन्हींना प्रमाणपत्रं. ही प्रमाणपत्रं टप्प्याटप्प्याने मागे नेली तर सगळी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला पोचतात. तिथल्या जागतिक प्रारण केंद्रात निवडक उपकरणांचा एक संच जपून ठेवलेला आहे आणि सूर्याच्या वॅटचा शेवटचा शब्द त्याचा. दर पाच वर्षांनी देशोदेशीचे लोक आपापली उपकरणं घेऊन तिथे जमतात आणि सूर्याकडे तोंड करून ती ताडून बघतात. तिथेही ढग आले की सगळे थांबून राहतात. जेसीबी त्यांच्याही हातात नाही. एवढ्या खानदानी वंशावळीची दोन यंत्रं एका गच्चीवर, हातभर अंतरावर, एकाच सूर्याखाली, आणि महिन्याच्या बेरजेत दीड टक्क्याचा फरक. मी दोघांना समजावलं, की अशा यंत्राच्या मापात दोनेक टक्क्यांची अनिश्चितता धरलेलीच असते, तेव्हा दोघंही खरं बोलताहेत. दोघांनाही हे आवडलं नाही. कोर्टात दोन्ही बाजू खऱ्या असून कसं चालेल?

तेव्हा तिसरं यंत्र घ्यायचं ठरलं आहे, तटस्थ. त्याचं कोटेशन माझ्याकडेच मागितलंय आणि मी ते तातडीने दिलंय. खर्च निम्मा-निम्मा. पुसायचं कोणी, यावर वेगळी बैठक होईल. जागेवर अजून एकमत नाही. मालक म्हणतात आमच्या यंत्राच्या बाजूला, ठेकेदार म्हणतो आमच्या. वायरमन दोघांच्या मधे टेप धरून उभा होता. त्याने अंतर मोजलं, गुंडाळीकडे बघितलं आणि म्हणाला, "मागली केबल हाय शिल्लक. सा फूट कमी पडतीय. मारतो एक जोड."